विसार, बयाणा आणि बुकिंग

हल्ली नवी मोटारगाडी रस्त्यावर येण्याआधी तिचे बुकिंग येते. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानभर गाडीचा फोटो, त्याखाली ठळक अक्षरांत 'बुकिंग सुरू', आणि किंमत मात्र कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, 'पासून पुढे'. गाडी कुणी पाहिलेली नसते, चालवलेली तर नसतेच. तरीही पेणच्या नाक्यावर आणि रोह्याच्या स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर चर्चा एकच असते. आत्ताच पैसे भरून नंबर लावावा, की थोडे थांबावे?

प्रश्न आजचा वाटतो, पण तो फार जुना आहे. जी वस्तू अजून तयार झालेली नाही तिच्यासाठी आज पैसे द्यावेत की नाही, हा प्रश्न आपल्या आजोबांना होता, वडिलांनाही होता. त्यांनी तो कसा सोडवला आणि कुठे ठेच खाल्ली, हे पाहिले तर आजच्या प्रश्नाचे उत्तर काहीसे सोपे होते. म्हणून आज मोटारीच्या रांगेचा हा छोटासा इतिहास सांगायचा आहे.

सुरुवात शब्दांपासून करतो. कवितेचा नाद असलेल्या माणसाला ती खोड असतेच. आगाऊ पैसे देण्याला मराठीत किती शब्द आहेत पाहा. जमिनीच्या व्यवहारात इसारपावती होते. लग्नाच्या वाजंत्रीवाल्याला विसार दिला जातो. व्यापारी बयाणा देतात. यातला बयाणा हा शब्द फार लांबून आलेला आहे. अरबीत 'बै' म्हणजे विक्री. त्यावरून फारसीत शब्द तयार झाला आणि फारसीतून तो आपल्या बाजारपेठांत येऊन इतका रुळला, की तो परका आहे हे सांगावे लागते.

ज्या मुलखातून हा शब्द आला, तिथे या व्यवहाराचा विचारही पुष्कळ झाला होता. इस्लामी धर्मशास्त्रात त्याला 'सलम' म्हणतात. मदिनेचे लोक खजुराच्या पिकासाठी वर्ष-दोन वर्षे आधी पैसे देऊन ठेवत. हजरत मुहम्मद पैगंबर मदिनेला आले तेव्हा त्यांनी ही पद्धत बंद केली नाही. अट मात्र घातली. माप ठरलेले हवे, वजन ठरलेले हवे, आणि मुदत ठरलेली हवी. या अटींमागचे कारण व्यवहारी होते. शेतकऱ्याला पिकाआधी पैशांची गरज असते आणि घेणाऱ्याला आधी पैसे दिल्याबद्दल माल स्वस्त मिळतो. दोघांचाही फायदा. पण दिवस ठरलेला नसेल, तर एकाचे पैसे दुसऱ्याकडे फुकट अडकून पडतात. आणि सौदा मोडल्यास बयाणा जप्त करावा की नाही? यावर तर इमामांचे एकमत नव्हते. हंबली पंथाने परवानगी दिली, बाकीच्या तिन्ही पंथांच्या बहुसंख्य पंडितांनी नाकारली. म्हणजे 'रद्द केल्यास रक्कम परत मिळणार नाही' ही बुकिंगच्या कागदावरची ओळ हजारभर वर्षांपूर्वीही वादाचीच होती.

एवढ्या लांब जायचे नसेल तर आमच्या पेणमध्येच या. पेण आणि आसपासच्या हमरापूर-जोहे भागात गणपतीच्या मूर्तींचे कारखाने बारा महिने चालतात. कोकणात अजून अनेक घरे अशी आहेत, की चतुर्थीच्या बरेच आधी आपला पाट मूर्तिकाराकडे नेऊन देतात. त्या पाटावरच त्यांची मूर्ती घडते. पाट देणे हेच बुकिंग. मूर्ती किती उंच, बसलेली की उभी, सोवळ्याचा रंग कोणता, सगळे आधी ठरते. थोडे पैसे हातावर ठेवले जातात, नावाची चिठ्ठी लागते. आणि तारीख? भाद्रपद शुद्ध चतुर्थी. ती कुणासाठी पुढे ढकलली जात नाही. मूर्तिकाराने ती चुकवली, तर पुढच्या वर्षी त्याच्या दारात पाट येणार नाही. पेणच्या या कारखान्यांत कोणी छापील अटी वाचत नाही, पण वस्तू, किंमत आणि दिवस या तिन्ही गोष्टी पक्क्या असतात. मोटारीच्या व्यवहारात नेमकी हीच तीन कलमे कशी ढिली होत गेली, तो पुढचा इतिहास.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा केला. तिकडे कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स होती. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवले, की परदेशी सुटे भाग आणून नुसती जोडणी करणाऱ्यांना इथे जागा नाही. ज्यांना गाडी इथेच बनवायची असेल त्यांनी राहावे. त्यानंतर फोर्ड आणि जनरल मोटर्स या अमेरिकन कंपन्यांनी १९५३-५४ च्या सुमारास इथला गाशा गुंडाळला. त्या वेळी देशाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, आमच्या रोह्याचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर तेच. परकीय चलनाचा एकेक पैसा मोजून वापरायचा तो काळ होता. धरणे, पोलाद, रेल्वे यांच्यापुढे खासगी मोटार ही चैन ठरली, आणि त्या वेळच्या गरिबीकडे पाहिले तर त्यात फारसे चूक नव्हते.

आमच्या जिल्ह्याला पायी चालण्याचेही मोठे वळण आहे म्हणा. पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मलेले विनोबा १९५१ पासून भूदानासाठी पायीच देश हिंडत होते. पण सगळेच काही विनोबा नसतात. माणसे वाढली, पगार वाढले, गाडीची इच्छा वाढली. गाड्या मात्र वाढल्या नाहीत. अॅम्बॅसॅडर, फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड, अशी तीनच नावे. १९७० च्या दशकात सगळ्या देशात मिळून वर्षाला पन्नास हजारही मोटारी बनत नव्हत्या. कोणी किती बनवायच्या हे परवान्यावर ठरलेले होते.

वस्तू कमी आणि गिऱ्हाईक जास्त, म्हटल्यावर रांग आली. रांगेला शिस्त लावण्यासाठी सरकारने १९५९ साली मोटारींच्या वाटपाचा आणि विक्रीचा नियंत्रण आदेश काढला आणि पुढच्या वर्षी स्कूटरचा. विक्रेत्याने मनाला येईल त्याला गाडी द्यायची नाही, नोंदणीच्या क्रमाने द्यायची. नोंदणीसाठी टपाल खात्याच्या बचत खात्यात अनामत ठेवायची. या पद्धतीत एक चांगली गोष्ट होती. अनामत कंपनीच्या खिशात जात नव्हती, टपाल खात्यात राहत होती. पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिच्यात नव्हती, ती म्हणजे तारीख. बजाजच्या स्कूटरसाठी आठ-दहा वर्षे थांबलेली माणसे आज हयात आहेत. मुलगा शाळेत असताना बापाने नंबर लावावा आणि स्कूटर मुलाच्या लग्नात यावी, असे खरोखर घडत असे. लग्न जमवताना मुलीकडच्यांनी स्कूटरचे बुकिंग केले आहे का, हा प्रश्न विचारला जाई.

रांग लांबली की रांगेत शिरायच्या आडवाटाही तयार होतात. पहिली आडवाट 'ऑन'ची. गाडीची छापील किंमत एक आणि वरचे 'ऑन' वेगळे. नंबर लागलेला माणूस गाडी ताब्यात घेऊन लगेच विकायचा आणि चार पैसे मिळवायचा. दुसरी आडवाट सरकारमान्य होती आणि ती आमच्या भागाला चांगली ठाऊक आहे. परदेशात नोकरी करणाऱ्याने परकीय चलन पाठवले, तर त्याच्या घरच्यांना रांगेबाहेर स्कूटर, पुढे मोटारही मिळू शकत असे. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि रोहा, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन इथल्या कितीतरी मुसलमान घरांतली कर्ती माणसे कुवेत, दुबई, सौदीला गेली. त्यांच्या दिनारांवर आणि रियालांवर इथल्या अंगणात नव्या स्कूटर उभ्या राहिल्या. माझ्या लहानपणी असल्या स्कूटरभोवती आम्ही पोरे तासन्‌तास उभी असायचो. तिच्या सीटवरचा प्लॅस्टिकचा कागद महिनोन्‌महिने काढला जात नसे. स्कूटर दारात असायची आणि ती पाठवणारा दोन वर्षांतून एकदा घरी यायचा. रांग त्याची चुकली होती. वाट पाहणे घरच्यांचे चुकले नव्हते.

मोटारीच्या रांगेचे रूप बदलले ते १९८३ मध्ये. जपानच्या सुझुकीशी करार करून सरकारी मारुती कंपनीने छोटी गाडी जाहीर केली. बुकिंगची रक्कम दहा हजार रुपये. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. त्या काळी दहा हजार ही अनेकांची वर्षभराची कमाई होती. तरीही दोनेक महिन्यांत सुमारे १ लाख ३५ हजार लोकांनी पैसे भरले. गाडी कोणी पाहिलेली नव्हती. गुडगावच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते तिची किल्ली पहिल्या ग्राहकाला मिळाली. डोळे झाकून पैसे भरणाऱ्यांना मारुतीने निराश केले नाही. कारखाना वाढला, गाड्या येत राहिल्या, आणि ज्यांचा नंबर लवकर लागला त्यांच्याकडे 'ऑन' देऊन गाडी मागणारे येऊ लागले. त्यामुळे एका पिढीच्या मनात एक समीकरण पक्के बसले: नवी गाडी, पहिला नंबर, हमखास फायदा.

तेरा वर्षांनी हे समीकरण मुंबईतच खोटे ठरले. १९९१ नंतर परवाने सुटले होते. प्रीमिअर आणि इटलीची फियाट यांनी मिळून १९९६ साली युनो ही गाडी जाहीर केली. फियाट हे नाव घरोघरी माहीत, कुर्ल्याचा कारखाना लोकांनी लोकलमधून पाहिलेला. अडीच लाखांहून अधिक लोकांनी नंबर लावले. पुढे कामगारांचा तंटा पेटला, काम बंद पडले, आणि मागणीच्या मानाने अगदी मोजक्या गाड्या बाहेर आल्या. त्याच सुमारास प्रीमिअरच्याच भागीदारीतली प्युजो ही गाडीही कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यात अशाच अडचणीत सापडली आणि बंद झाली. ज्यांनी गाडीसाठी पैसे भरले होते त्यांच्यापैकी अनेकांना पैसे परत मागत फिरावे लागले. इथे लक्षात घेण्यासारखे आहे ते असे, की गाडी वाईट होती अशी तक्रार नव्हती. गाडी जगभर गाजलेली होती. पण भरलेले पैसे गाडीच्या गुणांवर सुरक्षित राहत नाहीत. ते राहतात कारखान्याच्या प्रकृतीवर, आणि ती ग्राहकाला जाहिरातीत दिसत नाही.

१९९८ च्या अखेरीस टाटांची इंडिका आली, पुण्याजवळच्या कारखान्यात घडलेली. आपल्या माणसांनी आखलेली, आपल्या मातीतली गाडी म्हणून महाराष्ट्रात तिचे विशेष कौतुक झाले आणि काही दिवसांतच एक लाखाहून अधिक मागण्या आल्या. या वेळी गाड्या मिळाल्या, पण पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारीही पुष्कळ आल्या. टाटांनी त्या मनावर घेतल्या, गाडी सुधारली आणि २००१ मध्ये इंडिका व्ही-टू आणली. ती गाडी जोरात चालली. घाटात, खेड्यात, भाड्याच्या धंद्यात इंडिका दिसेनाशी व्हायला पुढे कित्येक वर्षे लागली. पहिल्या रांगेतल्या लोकांनी तक्रारी केल्या म्हणून दुसऱ्या रांगेतल्या लोकांना चांगली गाडी मिळाली. पहिल्यांचे आपण आभार मानले पाहिजेत, पण दर वेळी आपणच पहिले असावे असे नाही.

मग नॅनो. मार्च २००९ मध्ये मुंबईत तिचे लोकार्पण झाले आणि ९ ते २५ एप्रिल या काळात बुकिंग घेतले गेले. तीनशे रुपयांचा अर्ज आणि गाडीच्या किमतीची जवळजवळ सगळी रक्कम आधी. नाहीतर बँकेचे कर्ज. २ लाखांवर बुकिंग झाले, सुमारे अडीच हजार कोटी रुपये गोळा झाले. संगणकाने सोडत काढून पहिले एक लाख ग्राहक ठरवले. या एक लाखांना किंमत बांधून दिली होती आणि ज्यांना थांबायचे होते त्यांच्या पैशांवर व्याजाची सोय होती. सलमच्या कसोटीवर घासले तर हा मोटारीतला बराच चोख व्यवहार म्हणावा लागेल. सिंगूरहून कारखाना हलवावा लागला असतानाही कंपनीने तो निभावला. पण पुढे काय झाले? २०१० मध्ये काही नॅनोंना आगी लागल्याच्या बातम्या आल्या, 'सर्वांत स्वस्त गाडी' हे बिरुदच लोकांना खुपू लागले आणि २०१८ च्या सुमारास नॅनो बनणे थांबले. २ लाखांची रांग पाहून ज्यांनी तिचे भविष्य वर्तवले, त्यांचा अंदाज चुकला. रांग किती लांब आहे यावरून गाडी किती दिवस टिकेल हे कळत नाही.

आता आजच्या काळात येऊ. जुलै २०२१ मध्ये ओलाच्या विजेवरच्या स्कूटरचे बुकिंग अवघ्या ४९९ रुपयांत सुरू झाले आणि चोवीस तासांत एक लाखावर गेले. ऑक्टोबरमध्ये सुरू होणार म्हणून सांगितलेले वाटप डिसेंबरात सुरू झाले. महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनचे बुकिंग ३० जुलै २०२२ रोजी उघडले आणि अर्ध्या तासाच्या आत एक लाखावर पोहोचले. ऑक्टोबर २०२४ मध्ये थार रॉक्सने एका तासात पावणेदोन लाखांचा आकडा ओलांडला. १९८३ मध्ये जे दोन महिन्यांत घडले, ते आता नाश्ता संपायच्या आत घडते.

पण ही रांग ती रांग नव्हे. जुनी रांग तुटवड्यामुळे लागायची. दुसरी गाडीच नसायची, म्हणून माणूस उभा राहायचा. आणि उभे राहण्यासाठी अंगावरचे दागिने मोडायचा, म्हणून तो खरा गिऱ्हाईक असायचा. आज बाजारात डझनावारी गाड्या आहेत. बुकिंगची रक्कम गाडीच्या किमतीच्या मानाने किरकोळ, बहुतेक वेळा परत मिळणारी, आणि पैसे भरायला बोटाचा एक टोला पुरतो. त्यामुळे हौशे, नवसे, गवसे सगळेच नंबर लावतात आणि त्यांतले बरेच नंतर गळतात. आकडा मात्र छापला जातो, आणि तो वाचून आपल्याला वाटते, आपण मागे राहिलो. पूर्वी रांग हा मालाच्या कमतरतेचा पुरावा होता, आता तो मालाच्या जाहिरातीचा भाग झाला आहे. २०२१-२२ मध्ये जगभर संगणकीय चिपचा तुटवडा पडला तेव्हा काही गाड्यांसाठी खरोखर वर्ष-वर्ष थांबावे लागले हे खरे. पण तो अपवाद आता मागे पडला आहे.

हे सगळे मी ज्या कारणाने शोधत बसलो ते कारणही सांगतो. माझा भाचा रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. माझ्या बहिणीचे गुडघे दुखतात. पनवेलला डॉक्टरकडे न्यायचे म्हणजे एसटी किंवा रेल्वे, आणि दोन्हींची पायरी तिला पर्वतासारखी वाटते. म्हणून गाडी घ्यायची ठरली. तेवढ्यात एका नव्या गाडीची जाहिरात आली. "मामू, आज भरले तर सुरुवातीची किंमत मिळेल," भाचा म्हणाला, "नंतर वाढणार आहे." आम्ही शोरूममध्ये गेलो. विक्रेता मुलगा अदबशीर होता, चहा दिला, पडद्यावर गाडीची फिल्म दाखवली. गाडी मात्र तिथे नव्हती. अर्ज वाचला. डिलिव्हरीच्या रकान्यात लिहिले होते 'अंदाजे'. किंमत: 'गाडी ताब्यात देताना लागू असेल ती'. बुकिंग रद्द केल्यास रकमेतून काही कपात होणार होती, किती ते लिहिलेले नव्हते. मी म्हटले, तारीख आणि कपात एवढे पेनाने लिहून सही करून द्या. मुलगा म्हणाला, "सर, सिस्टीममध्ये तसा ऑप्शनच नाही." त्यात त्याचा दोष नव्हता. तोही पगारी नोकर.

गाडीच्या बाबतीत एवढी चौकशी कशाला, असे कुणी म्हणेल. पण आमच्या भागाने विश्वासाची किंमत मोजलेली आहे. २०१० साली पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले आणि हजारो कुटुंबांची आयुष्यभराची ठेव अडकली. निवृत्त शिक्षक, मूर्तींचे कारागीर, पोहे-पापडांचे छोटे व्यापारी, अशांचे ते पैसे होते. गाडीचे बुकिंग आणि बँकेची ठेव एकच नव्हे. पण दोन्हीकडे आपण आपला पैसा दुसऱ्याच्या हाती देतो आणि शब्दावर भिस्त ठेवतो. म्हणून आमच्याकडे कागद वाचणारा माणूस संशयी ठरू नये.

कायद्यानेही इथे एक भेद केलेला आहे आणि तो प्रत्येकाने लक्षात ठेवावा. इसार वेगळा आणि आगाऊ रक्कम वेगळी. इसार हा सौदा पाळण्याचा तारण असतो, त्यामुळे घेणारा मागे फिरला तर तो बुडू शकतो. आगाऊ रक्कम हा किमतीचा हप्ता असतो आणि सौदा झाला नाही तर सर्वसाधारणपणे ती परत करायची असते. बुकिंगच्या पावतीवर नेमके काय लिहिले आहे, हे म्हणून पाहायचे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्याय्य करार' ही कल्पना आली, तिचा आधार ग्राहकाला आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. पण या सगळ्याचा उपयोग हातात कागद असेल तर. तोंडी आश्वासनाची नक्कल काढता येत नाही.

किमतीचे म्हणाल, तर 'आज भरा, नाहीतर महाग होईल' हे दर वेळी खरे नसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा उपकरही गेला, आणि गाड्या एकदम स्वस्त झाल्या. त्या वेळी ज्यांनी दोन महिने आधी घाई करून गाडी घरी नेली ते हळहळले, आणि ज्यांची गाडी रांगेत अडकली होती ते हसले. किंमत गाडी मिळण्याच्या दिवसाची, हे कलम कधी आपल्या विरुद्ध जाते, कधी आपल्या बाजूने. सुरुवातीची किंमत खरोखर हवी असेल, तर ती अमुक क्रमांकापर्यंत बांधलेली आहे का आणि आपला क्रमांक कितवा, हे लिहून मागावे. आधी पैसे देणाऱ्याला माल स्वस्त मिळावा, हा मदिनेच्या खजूरवाल्यांचाही हिशेब होता. आधी पैसे देऊन भावही उद्याचाच लागणार असेल, तर आपण कंपनीला बिनव्याजी उसने दिले, एवढाच त्याचा अर्थ.

थांबण्याचे फायदेही पूर्वीपेक्षा वाढले आहेत. ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही गाड्या आदळून पाहण्याची चाचणी देशात सुरू झाली आहे, तिचे तारे पाहता येतात. गाडीत दोष निघाला तर ती परत मागवून दुरुस्त करून देण्याची सक्ती करणारे नियम एप्रिल २०२१ पासून लागू झाले आहेत. गाडी येऊन सहा महिने झाले की चालवणाऱ्यांचे अनुभव कानावर येतात, मेकॅनिकचे मत कळते. आणि आमच्या मुंबई-गोवा रस्त्यावर, जिथे पनवेल-इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू होऊन दशकाहून अधिक काळ रखडले, तिथे गाडीचे शॉकअॅब्सॉर्बर एका पावसाळ्यात आपली खरी जात दाखवतात. आमच्या भागातले सर्वांत लांब वेटिंग गाडीचे नाही, रस्त्याचे आहे.

मग बुकिंग कधीच करू नये का? तसे नाही. जुन्या गाडीने दम सोडला आहे, हवी ती गाडी हीच, रक्कम पूर्ण परत मिळणार असे पावतीवर आहे आणि तारखेला उशीर झाला तरी आपले अडणार नाही, अशा माणसाने खुशाल नंबर लावावा. मारुतीच्या रांगेत उभे राहिलेले लोक मूर्ख नव्हते. त्यांच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता, आणि त्यांनी घेतलेला धोका फळाला आला. पण आज दुसरा रस्ता आहे. तो असताना घाईचे कारण आपले आहे की विकणाऱ्याचे, एवढे तपासून पाहावे.

आमच्या घरी या प्रश्नाचा निकाल बहिणीनेच लावला. आम्ही मामा-भाचे मायलेज, टॅक्स आणि सवलतींचा हिशेब करत बसलो होतो. तिने विचारले, "त्या गाडीची सीट जमिनीपासून किती उंच आहे? मला पाय उचलून आत बसता येईल का?" फिल्ममध्ये ते दाखवलेले नव्हते, अर्जावर नव्हते, आणि विक्रेत्या मुलालाही ठाऊक नव्हते. भाच्याने पैसे भरले नाहीत. गाडी शोरूममध्ये आली की आईला तिच्यात बसवून वडखळपर्यंत एक फेरी मारायची आणि मगच ठरवायचे, असे त्याने सांगून टाकले. बहीण म्हणाली, तोवर एसटी आहेच. कंडक्टर हात देतात.